अजीजसरांनी दिलेला बोल

वसमतच्या कॉलेजात अजीजसरांना पाठीमागं सगळे ‘वॉरंट’ म्हणायचे. एखादं पोरगं वर्गात दिसेनासं झालं की थोड्याच दिवसांत सरांची लुना त्याच्या दारात फटफटत येऊन थांबायची आणि घरचे सबबी शोधायला लागायचे. सर उतरायचे, टोपी काढून धूळ झटकायचे, प्यायला पाणी मागायचे आणि पहिला घोट घेण्याआधीच विचारायचे, काहून येऊन नाही राहिला कॉलेजात? पोरगं पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचं. आई म्हणायची तब्येत बरी नव्हती, बाप म्हणायचा रानात माणूस नाही. सर दोघांचंही ऐकून घ्यायचे आणि सांगायचे की सोमवारी पहिल्या तासाला मी याची वाट बघतो. सोमवारी पोरगं बाकावर असायचं. न येऊन करतं काय? असा माणूस दारातून हलवणं सोपं नव्हतं. चहा दिला तर तो बसायचा, नाही दिला तरी बसायचा.

सर फिजिक्स शिकवायचे. बरं शिकवायचे, फार भारी नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. पण गेलेलं पोरगं परत आणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता, थोडा जास्तच होता. स्टाफरूममध्ये कुणी बदल्यांच्या गप्पा काढल्या की सर मध्येच म्हणायचे, आपण आणलेलं एकही पोरगं पुन्हा गळलं नाही. ‘गळणं’ हा त्यांचा शब्द. रांजणातून पाणी गळतं तशी पोरं कॉलेजातून गळतात, आणि रांजण कुठं चिरलाय हे बघायला आपल्यात कुणाला सवड नाही, असंही ते ऐकवायचे. त्यामुळं स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असायची.

पोरं गळायची ती जास्त करून हळदीच्या दिवसांत. माघ लागला की कुरुंद्याच्या शिवारात हळद निघते. रानात कढया चढतात, कंद शिजतात, खळ्यांवर वाळत पडतात, आणि या कामाला घरातलं पोरसोर सगळं लागतं. परीक्षा नेमकी त्याच्या पाठोपाठ. हळदीला थांबता येत नाही आणि विद्यापीठाला हळद कळत नाही, मग पोरांनी करावं काय? एकदा महिनाभर खाडा झाला की परत यायची लाज वाटते, आणि लाजेचा महिना कधी वर्षाएवढा होतो ते कळतही नाही.

हे सरांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. ते कुरुंद्याचेच. वडिलांचं सायकलीचं दुकान. शिकायला औरंगाबादला गेले आणि पहिल्या वर्षी इंग्रजीतलं फिजिक्स ऐकून त्यांची बोबडी वळली. दिवाळीला घरी आले ते परत गेलेच नाहीत. वडिलांना वाटलं, विचारलं तर पोराला लागेल. आईला तर पोरगं डोळ्यांसमोर आहे याचाच आनंद. कॉलेजनं नाव कापलं आणि विषय संपला. वर्षभर अजीज पंक्चर काढत बसला. शेवटी एक दिवस कुणाला न सांगता एस.टी.त बसून स्वतःच परत गेला, एम.एस्सी. झाला, मास्तर झाला, सगळं झालं. पण ते वर्ष त्यांच्या मनातून गेलं नाही. कुणीतरी विचारायला यायला पाहिजे होतं, एवढंच त्यांना वाटत राहिलं. म्हणून नोकरी लागल्याबरोबर त्यांनी लुना घेतली.

बायको शहनाज. कुरुंद्याच्या शेजारच्याच गावची, हजरजबाबी, आणि नवऱ्याला पुरती ओळखून असलेली. रविवारी सर लुनाला किक मारायला लागले की ती दारातून विचारायची, सगळ्या तालुक्याची हजेरी तुम्ही घेता, घरात तुमची हजेरी कोण घेतं? सर हसायचे आणि निघून जायचे. मुलगी रुक्सार तेव्हा शाळेत होती. ती डॉक्टर होणार, हे सरांनी तिच्या जन्माच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

हिंगोली नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या साली रुपा राठोड नावाची एक मुलगी वर्गातून दिसेनाशी झाली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. मागच्या बाकावर बसायची, वही नीट ठेवायची, बोलायची नाही. कुरुंद्याच्या पुढं माळावर जो बंजाऱ्यांचा तांडा आहे तिथून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. सर निघाले.

तांड्याच्या खालच्या अंगाला रानात कढई चढली होती. रुपाचा बाप सेवा जाळ घालत होता, रुपा शिजलेले कंद उपसत होती. आई मोतीबाई, आरशांची कांचळी, कोपरापर्यंत हात पिवळेधमक, ती कमरेवर हात देऊन उभी राहिली आणि सरांना म्हणाली, उगं तकलीफ घेतली. तिनं आडपडदा ठेवला नाही. हळद उरकली की सेनगावकडचे पाहुणे येणार होते. पोरगं ऊसतोडीला जाणारं. तोडीला मुकादम एकटा गडी घेत नाही, नवरा-बायको जोडीनं आले तर एक कोयता धरतो. त्यामुळं त्या घराला लग्नाची घाई होती. रुपाला म्हणजे नवरा आणि उसाचा फड एकाच दिवशी मिळणार होता. हे सांगताना मोतीबाईचा आवाज काही बदलला नाही. तिनं स्वतः कोयत्यावर दहा-बारा सालं काढली होती. तिथंच, उसाच्या पाचटावर, रुपा जन्मली होती.

सरांचं डोकं फिरलं. ते तडक लखमा नाईकाकडं गेले. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख, म्हातारा, लाल फेट्याचा, लिंबाखाली खाट टाकून बसलेला. चार माणसं आजूबाजूला होती. सरांनी तिथं भाषण ठोकलं. पोरगी हुशार आहे, तांड्याचं नाव काढील, तिच्या लग्नाचं नाव काढू नका, वगैरे. नाईकानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कुठवर?"

"बी.एस्सी. होईपर्यंत," सर म्हणाले. असं ठणकावून म्हणाले की लिंबावरचे कावळे उठले.

नाईकानं मान हलवली. कुणीतरी आत गेलं, गुळाचा खडा घेऊन आलं. नाईकानं तो सरांच्या हातावर ठेवला. आपल्याकडं उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी देतातच, त्यात काय. सरांनी खाल्ला. गूळ चांगला होता, म्हणून त्यांनी आणखी एक खडा मागून घेतला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली, तेही सरांना कौतुकच वाटलं.

लुनापर्यंत सोडायला मोतीबाई आली तेव्हा तिनं उलगडा केला. तांड्यात गूळ खाल्ला की बोल पक्का. सोयरीक जुळते ती गुळावर, भांडण मिटतं ते गुळावर. सरांनी नाईकासमोर बोल दिला होता आणि दोनदा गूळ खाऊन तो दोनदा पक्का केला होता. आता रुपा बी.एस्सी. होईपर्यंत तिच्या सोयरिकीचा शब्द तांड्यात कुणी काढणार नव्हतं. सर हरखून गेले. घरी येऊन त्यांनी शहनाजला सगळं रंगवून सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मीठा तुम खाके आए, निस्तरना उस पोरी कू."

सरांना ते लागलं नाही. लागायला पाहिजे होतं.

रुपा सोमवारी आली. आणि मग ती चुकलीच नाही. पाऊस असो, बाजार असो, सण असो, रुपा मागच्या बाकावर. सर दुसऱ्या पोरांना तिचं उदाहरण द्यायचे. निकाल लागला, रुपा नापास. सर म्हणाले, होतं असं, हळदीनं दिवस खाल्ले. ती परत पहिल्याच वर्षाला बसली. आता सर तिला रविवारी घरी बोलवून शिकवायला लागले. ते शिकवायचे, ती मान हलवायची. मान हलवण्यात ती पटाईत झाली होती. कळल्याची मान कोणती आणि भल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून हलवलेली मान कोणती, हा फरक मास्तर लोकांना फार उशिरा कळतो.

शहनाजला तो आधी कळला. एका रविवारी तिचा मिक्सर बंद पडला होता. सर आतल्या खोलीत पुस्तक शोधत होते. रुपानं मिक्सर उलटा केला, सरांच्या टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, खालचं झाकण काढलं, आत काहीतरी घासलं, एक सुटलेली वायर पिळून बसवली. मिक्सर फिरायला लागला आणि रुपा हसली. शहनाजनं त्या मुलीला वर्षभरात पहिल्यांदा हसताना पाहिलं. ती नवऱ्याला म्हणाली, या पोरीचे हात बघा, कशिदा काढणाऱ्या घरची पोरगी आहे, बारीक कामाला तिचे हात लगेच बसतात. हिला मोटारी, पंखे, असलं काही शिकायला घाला. सर म्हणाले, छान आहे, पण परीक्षेत मिक्सर येत नाही. आयटीआयचं नाव काढलं तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं. दहावीत आपटलेली पोरं तिकडं जातात, असं त्यांचं मत होतं. आपण आणलेलं पोरगं तिकडं गेलं तर ते गळलंच की, असंही मत होतं.

रुपा दुसऱ्यांदा नापास झाली.

त्या दिवशी सर खूप वेळ बोलत होते. आता सकाळी कुणाकडं शिकायचं, दुपारी काय करायचं, कोणतं पुस्तक मराठीत मिळतं, सगळं त्यांनी आखून आणलं होतं. रुपा खाली बघत होती. शहनाज दारात उभी होती, ती एकदम म्हणाली, आधी तिला बोलू द्या की. सर थांबले. मग रुपा बोलली.

"सर, मला वर्गात काहीच कळत न्हाई. पहिल्या दिवसापासून न्हाई."

"मग सांगितलं काहून नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाई. आन् सांगितलं असतं तं कॉलेज सुटलं असतं. कॉलेज सुटलं की तुमचा बोल सुटला. मंग कोयता." तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "मी शिकायला येऊन न्हाई राहिले, सर. लपायला येऊन राहिले."

सरांना रडू आलं. लपवायचं कशाला, आलंच. आपण गेलेली पोरं परत आणतो, ती परत येतात, म्हणजे सगळं ठीक झालं, असं मानून हा माणूस पंधरा वर्षं लुना पिटाळत होता. मुलगी रोज मागच्या बाकावर बसून बुडत होती आणि तो तिच्या नावापुढं हजर लिहीत होता. काहून येत नाहीस हे त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं. आल्यावर कसं चाललंय हे कुणालाच विचारलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात ते एकटे नांदेडला गेले, आयटीआय बघायला. जाताना चोरासारखे गेले, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमध्ये चार मुली जळक्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळत होत्या. निदेशकानं सरांना बोलावलं आणि मोटार सुरू करून दाखवली. चुंबकत्वाचा जो धडा सर पंधरा वर्षं फळ्यावर शिकवत होते, तो इथं घरघर करत फिरत होता आणि त्या मुली गप्पा मारत मारत तो गुंडाळत होत्या. मुलींना वसतिगृह होतं. दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळत होता. सर परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून स्वतःलाच शिव्या घालत होते. पुढच्या वर्षांत त्यांनी किती मुलांना त्या दारात नेऊन सोडलं याची गणती त्यांनी ठेवली नाही. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात एकच मुलगी होती, आणि तिचा अर्ज त्यांच्या खिशात होता.

राहिला होता तांडा. सरांना वाटलं, त्यात काय अवघड आहे. बी.एस्सी.च्या जागी आयटीआय म्हणायचं, बोल तोच ठेवायचा. त्यांनी नाईकाला निरोप धाडला आणि नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. पुरुष लिंबाखाली गोल बसलेले, बायका लांब, घरांच्या आडोशाला. मोतीबाई डोक्यावर पाण्याची घागर तशीच धरून उभी होती.

सरांनी या वेळी भाषण केलं नाही. आपलं चुकलं, असंच सांगितलं. पोरीचं चुकलेलं नाही, ती रोज आली, तिला जे जमत नव्हतं तेच आपण तिच्यापुढं वाढत राहिलो. दोन वर्षांचं शिक्षण आहे, हातात कला येईल, लाइट आहे तिथं काम आहे. नाईकानं मागच्यासारखंच सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमची पोरगी घालताल का तिथं?"

रुक्सार सरांच्या डोळ्यांपुढं आली, पांढरा कोट घातलेली, जसा त्यांनी तो कायम घालून ठेवला होता. खोटं बोलणं सोपं होतं.

"मागच्या साली इचारलं असतं तर नाही म्हणलो असतो," सर म्हणाले. "आज तिनं मागितलं तर घालीन."

माणसांत कुजबुज झाली. नाईकाला उत्तर आवडलं असावं, पण त्यानं फक्त फेटा सारखा केला. बोल बदलत नसतो, नाईक म्हणाला. एकतर राहतो, न्हाईतर तुटतो. ज्यानं दिला तोच बदलायला आला म्हणजे बोल तुटला. सर घाईघाईनं म्हणाले, मग मी नवा देतो, आणा गूळ. नाईकानं मान हलवली. न्हाई, एका पोरीवर एका माणसाचा बोल एकदाच. आता ती आईबापाची पोरगी, त्यांना वाटंल ते करतील, तांडा आडवा येणार नाही.

म्हणजे सर रुपाला वाचवायला गेले आणि तिच्या डोक्यावर होतं तेवढं छप्परही काढून आले. सेवा खाली मान घालून बसला होता. सेनगावच्या पोराला एवढ्या दिवसांत दुसरी पोरगी मिळालेली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनी सेवाला आयटीआयत हजर व्हायची तारीख सांगितली, दोनदा सांगितली. सेवा व्हय म्हणाला. त्या व्हयचा अर्थ काहीही होऊ शकत होता. मोतीबाईकडं सरांनी पाहिलं, पण तेव्हा ती घागर घेऊन घरात गेली होती.

त्यानंतरचे दिवस सरांनी कसे काढले ते शहनाजला विचारावं. जेवताना घास हातातच राहायचा. रुपाचं नाव नांदेडला लागलं, तो निरोप त्यांनी कुरुंद्याच्या बाजारात तांड्याच्या माणसाकडं दिला. उलट काही आलं नाही. मग एक दिवस कुणीतरी सांगितलं की सेनगावची जीप तांड्यावर आली होती. सरांना तडक जावंसं वाटलं. शहनाजनं अडवलं. तुमचा बोल तिथं संपलाय, ती म्हणाली, आता गेलात तर हट्टाला पेटतील. हजर व्हायच्या दिवशी जा. असली तर घेऊन या. नसली तर, आणि ती ताटं उचलायला लागली.

श्रावणातल्या त्या सोमवारी सर निघाले. ऊन होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद गुडघाभर आली होती. माळ चढून लुना तांड्याच्या तोंडाशी आली आणि सरांच्या कानावर गाणं पडलं. त्यांनी गाडी बंद केली.

ढावलो चालला होता. बंजाऱ्यांत मुलगी सासरी निघते तेव्हा तांड्यातल्या बायका एकेक करून तिच्या गळ्यात पडतात आणि रडत रडत जे म्हणतात तो ढावलो. लग्नाशिवाय तो कुणी म्हणत नाही. सरांनी तो आधी दोन-तीन तांड्यांवर लग्नाच्या जेवणाला गेल्यावर ऐकला होता. एकदा ऐकला की माणूस विसरत नाही, काळजाला घरं पाडत जातो. सर लुनाचं हँडल धरून उभे राहिले. सगळं संपलं होतं. पोरगी निघाली, कोयत्याला निघाली, आणि आपणच तिला मोकळं करून दिलं. त्यांना मागं फिरायचं होतं. सवय मात्र पाठ सोडत नव्हती. दारापर्यंत गेल्याशिवाय ते कधी परत फिरले नव्हते. लुना ढकलत ढकलत ते आत गेले.

सेवाच्या दारात बायकांचा घोळका होता. मध्ये रुपा. अंगावर नवा पंजाबी ड्रेस, वेणी घट्ट, पायाशी पत्र्याची पेटी. सरांनी नवरदेव शोधला. दिसला नाही. मांडव नव्हता, निघताना नवरी ज्याच्यावर उभी राहते तो बैल नव्हता, सेनगावचं कुणीही नव्हतं. एक म्हातारी रुपाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत गात होती आणि रुपाही रडत होती. सेवा पेटीला सुतळी बांधत होता.

मोतीबाईनं सरांना पाहिलं. डोळे पुसून ती पुढं आली आणि रागावल्यासारखी म्हणाली की लई येळ लावला, गाडी चुकंल. सरांनी बायकांकडं नुसता हात केला.

"त्या काहून रडून राहिल्या?" ती म्हणाली. "पोरगी पेटी घेऊन तांड्याच्या भाईर निघाली की आमी हेच म्हणतो. दुसरं आमाला येत न्हाई."

खरंच होतं ते. त्या तांड्यातून आजवर कुठलीच मुलगी सासरी जाण्याशिवाय पेटी घेऊन निघाली नव्हती. शिकायला निघालेल्या मुलीला काय म्हणून वाटे लावायचं, याची रीतच नव्हती. बायकांनी सकाळी थोडा विचार केला आणि जी होती ती रीत काढली.

सेनगावच्या लोकांचं काय, हे सरांनी चाचरत विचारलं. मोतीबाईनं त्यांना चहा पाजून वाटे लावलं होतं. नसाबीत बाईला बोलता येत न्हाई, घरात येतं, एवढंच ती म्हणाली. बाकीचं नंतर सेवानं सांगितलं. तिनं नवऱ्याला बजावलं होतं की रुपा कोयत्याला गेली तर मीबी तिच्यासंगं फडावर जाते, मंग तू आन् तुझी हळद. सर मास्तर माणूस. त्यांना वाटायचं की बोल त्यांनी दिला होता. मोतीबाईनं गुळाच्या त्या दिवशी लिंबाआडून बी.एस्सी. ऐकलंच नव्हतं. पोरगी फडावर जाणार नाही, एवढंच तिनं ऐकलं होतं, आणि ते तिनं कुणाच्या मोडण्यानं मोडू दिलं नाही.

आता रुपाची पाळी होती. ढावल्यात बायकांचं म्हणून झालं की नवरीनं उत्तर द्यायचं असतं. दोन वर्षं वर्गात जिचा आवाज सरांनी ऐकला नव्हता ती मुलगी आईच्या गळ्यात हात टाकून मोठ्यानं, गळा मोकळा सोडून गायला लागली. याडी, बा, एवढे दोन शब्द सरांना कळत होते, आई आणि बाप. बाकी तिच्या भाषेतलं कळत नव्हतं. पण गाता गाता ती एका ओळीवर आली आणि म्हातारीनं चमकून वर पाहिलं. बायका रडायच्या थांबल्या. रुपानं तीच ओळ पुन्हा म्हटली. सेवाचे हात सुतळीवर थांबले.

"काय म्हणाली?" सरांनी हळू विचारलं.

सेवानं गाठ ओढली, नाक पुसलं.

"म्हणून राहिली, मी परत येईन," तो म्हणाला. "हे ढावल्यात नसतंय, सर. आमच्या कोणत्याच पोरीनं हे म्हणलं न्हाई. हे तिनं आपल्या मनचं घातलं."

मग त्यानं पेटी उचलली आणि लुनावर ठेवली.